तारामती, राम आणि सीता : एका पगारी नटाची कारकीर्द

सायखेडा, ता. निफाड, जि. नाशिक

चि. भाचीस,


आस्टा नील्सेन या डॅनिश अभिनेत्रीवर तू लिहीत असलेल्या निबंधाचा मसुदा पोहोचला आणि त्यासोबतचा प्रश्नही पोहोचला. कोपनहेगन आणि बर्लिन येथे पडद्यावरचा अभिनय हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून ज्या वर्षांत उभा राहत होता, त्याच वर्षांत दादासाहेब फाळके यांच्या नाशकात तिच्या शेजारी ठेवून पाहावे असे कोणी होते काय, असा तो प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या नावाकडे ते नेते, ते नाव ग्रंथांतून बहुधा एका ओळीत उरकले जाते आणि ती ओळही बहुतेक वेळा गमतीची म्हणून सांगितली जाते. ते नाव अण्णा साळुंके यांचे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटातील तारामती आणि ‘लंकादहन’ (१९१७) मधील राम व सीता या दोन्ही भूमिका करणारा हा नट पुढे कॅमेऱ्यामागे गेला, आणि त्यामुळे त्याची कारकीर्द अभिनयाच्या इतिहासात अर्धवट व छायाचित्रणाच्या इतिहासात तळटीपेपुरती राहिली. प्रस्तुत पत्राचा रोख असा आहे की या कारकिर्दीचे दोन तुकडे करू नयेत. साळुंके हे पगारावर राबणारे कारखान्यातले माणूस होते आणि त्यांच्या अभिनयाचा अर्थ त्या कारखान्याच्या घडणीतूनच लागतो.

तुलनेची दुसरी बाजू तुझ्या मसुद्यात सविस्तर आहेच, म्हणून येथे कामापुरतीच घेतली आहे. आस्टा नील्सेन यांचा जन्म १८८१ साली कोपनहेगन येथे कष्टकरी कुटुंबात झाला. वडील लोहारकाम करीत व अनेकदा बेकार असत, आई धुणीभांडी करून संसार रेटीत असे आणि आस्टा चौदा वर्षांच्या असतानाच वडील वारले. राजाश्रयाने चालणाऱ्या डॅनिश रंगभूमीच्या नाट्यविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, रंगमंचावर काही वर्षे मध्यम प्रतीच्या भूमिका मिळाल्या आणि १९१० साली उर्बान गाड यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘आफग्रुंडेन’ (अर्थ : खोल दरी) या मूकपटाने त्यांचे नाव एकाएकी युरोपभर झाले. १९११ मध्ये त्या जर्मनीत गेल्या, सत्तरहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली, स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि उतारवयात दोन भागांत आत्मचरित्र लिहिले, ज्याच्या नावाचा अर्थ ‘दहावी कलादेवता’ असा होतो (ग्रीक पुराणांत कलांच्या नऊ देवता मानल्या जातात, त्यांत दहावी म्हणून चित्रपटाची भर). शिक्षण, कीर्ती, संस्था आणि आत्मकथन या चार गोष्टी ज्या कारकिर्दीत एकापुढे एक आल्या तिचा इतिहास लिहिणे सोपे असते. साळुंके यांच्या बाबतीत चारांपैकी एकही नाही, आणि तरीही १९१३ ते १९१७ या काळात मराठी मुलखातील पडद्यावर सर्वांत जास्त पाहिला गेलेला चेहरा बहुधा त्यांचाच असावा.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. ज्या गोदावरीच्या काठी सायखेडा आणि पलीकडे चांदोरी ही गावे समोरासमोर वसली आहेत तीच नदी उगमापाशी त्यांच्या जन्मगावातून निघते, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचा शेवट झाला तो वाटेवरच्या नाशकात. त्यांचा पहिला चित्रपट मात्र मुंबईत, दादरच्या बंगल्यात तयार झाला. १९१२ च्या आरंभी लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन जातीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि फिल्म धुण्या-छापण्याचे साहित्य खरेदी केले. परतल्यावर पुरुष पात्रे मिळाली; दत्तात्रय दामोदर दाबके यांना हरिश्चंद्राची भूमिका मिळाली, मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला; अडले ते तारामतीपाशी. वर्तमानपत्रात जाहिरात देऊनही कुलीन घरातील बाई येणे शक्यच नव्हते, कारण नाटकात काम करणे जेथे बदनामीचे मानले जाई तेथे यंत्रापुढे उभे राहणे तर त्याहून अनोळखी होते. पण कलावंतिणींच्या वस्तीतूनही नकार आला, हे अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवले होते त्यांनाही हा धंदा आपल्याहून खालचा वाटला.

बाई न मिळाल्यावर उरला तो पुरुष नटच, म्हणून येथे ‘स्त्रीपार्टी’ या संज्ञेचा खुलासा करणे भाग आहे. मराठी संगीत नाटकांत स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या पुरुष नटास स्त्रीपार्टी म्हणत आणि त्या काळी तो नाटक कंपनीचा सर्वांत महागडा नट असे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी ज्या १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली, त्याच साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. स्त्रीपार्ट्याचे भांडवल मुख्यत्वे गळा हेच होते. चाल, नेसणे, मुरका या गोष्टी त्यानंतरच्या. ज्या माध्यमात आवाजच नाही तेथे असा नट गाण्याची बिदागी कशासाठी घेणार आणि फाळके ती कशातून देणार? मूकपटाच्या गरजा वेगळ्या होत्या. कॅमेऱ्याच्या भिंगाला पंचवीस फुटांवरच्या प्रेक्षकासाठी केलेला हातवारा नको होता, त्याला जवळून पाहता येण्याजोगा हात हवा होता.

असा हात ग्रँट रोडवरील एका खाणावळीत सापडला. साळुंके तेथे कामाला होते. कोणी त्यांना स्वयंपाकी म्हणतात, कोणी वाढपी म्हणतात. बारीक बांधा आणि नाजूक बोटे पाहून फाळके यांनी त्यांना विचारले. खाणावळीत दरमहा दहा रुपये मिळत होते आणि फाळके यांनी पंधरा देऊ केले, ही हकिकत जवळपास प्रत्येक इतिहासकाराने सांगितली आहे व ती हसून सांगण्याची प्रथा आहे. हसण्याजोगे तीत फारसे काही नाही. पाच रुपयांची वाढ म्हणजे मूळ पगाराच्या निम्मी वाढ होय आणि चुलीपुढून उठून उन्हात उभे राहण्यासाठी कोणाही कष्टकरी माणसाने ती घेतली असती. शिवाय त्यात एक हिशेबही दडलेला आहे. ज्या भूमिकेसाठी रंगभूमी हजारोंची बोली लावीत होती, तीच भूमिका पडद्यावर खाणावळीच्या पगाराच्या दीडपटीत भरली गेली. कलेचे नवे माध्यम आपली किंमत अशा ठिकाणाहून सुरू करते. फाळके यांनी मंडळींना बजावून ठेवले होते की कोणी विचारलेच तर हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थाच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगावे. परेश मोकाशी यांच्या २००९ मधील ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचे नाव याच सबबीवरून आले. बदनामी टाळण्यासाठी दिलेली ती सबब वस्तुस्थितीला किती धरून होती, याची कल्पना तेव्हा कोणालाच आली नसावी.

कारण तो कारखानाच होता. कच्ची फिल्म विलायतेहून येई ती भोकांशिवाय, म्हणजे यंत्राच्या दात्यांत अडकून पुढे सरकण्यासाठी तिच्या दोन्ही कडांना लागणारी छिद्रे तिला नसत. ती रात्री अंधाऱ्या खोलीत एकेक करून पाडावी लागत आणि हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी ऊन पात्रांच्या तोंडावर वळवण्यासाठी पांढरी चादर ताणून तासन्‌तास उभे राहणे, हे सारे त्याच घरात चाले. पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग यांना ती विद्या फाळके यांनीच शिकवली होती. अशा घरात नट हा वेगळ्या जातीचा प्राणी असूच शकत नव्हता. ज्याने सकाळी लुगडे नेसून राणी व्हावे त्याने संध्याकाळी सामान उचलावे, हीच रीत. साळुंके तीत सहज सामावले असणार, कारण खाणावळीतली शिस्तही याहून निराळी नसते.

त्यांच्या अभिनयाविषयी काही ठाम म्हणायचे तर ते पडद्यावर पाहूनच म्हणावे लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट, म्हणजे चार रिळे होती. सेकंदाला सोळा चित्रे या गतीने हात फिरवला तर एक फूट फिल्म सुमारे एका सेकंदात सरते, म्हणून हा चित्रपट तासाभराचा धरावा. हँडल हाताने फिरवले जात असल्याने गती मात्र दर खेळाला थोडी बदले. त्यातील जलक्रीडेच्या दृश्यात हौदात उतरलेली तारामती आणि तिच्या सख्या दिसतात, सर्वांची लुगडी ओलीचिंब झालेली असतात आणि हरिश्चंद्र तारामतीला बोलावण्यासाठी येतो. हौदातील प्रत्येक ‘स्त्री’ पुरुष आहे. पाण्याने कापड अंगाला चिकटले की वेशाने झाकलेले खांदे उघड होतात, आणि रंगमंचावर कोणत्याही स्त्रीपार्ट्याने जी परीक्षा दिली नव्हती ती येथे दिवसाच्या लख्ख उजेडात देणे भाग पडले. आसपासच्या सख्या एकमेकींवर पाणी उडवण्यात आणि कॅमेऱ्याकडे चोरून पाहण्यात रंगल्या आहेत; मधली तारामती त्या मानाने आवरलेली दिसते आणि राजाकडे वळताना आधी मान, मग खांदा असा क्रम सांभाळते. हा संयम शिकवलेला होता की कॅमेऱ्याच्या धाकाचा होता, हे ठरवण्याची फारशी आवश्यकता नाही. नील्सेन यांच्या बाबतीत समीक्षक ज्याला हातचे राखून केलेला अभिनय म्हणतात, त्याचा उगम शिक्षणात आहे. साळुंके यांच्याकडे तोच गुण शिक्षणाच्या अभावातून आला असावा, कारण रंगभूमीची मोठी, दूरवर दिसणारी हावभावांची भाषा त्यांना येतच नव्हती आणि म्हणून ती विसरण्याचा प्रश्नही उद्भवला नाही. दाबके यांच्या शेजारी त्यांना पाहिले की हा फरक डोळ्यांत भरतो. दाबके नाटकातून आलेले होते, आणि ते हात पुढे करतात तेव्हा त्या हातापुढे अजून प्रेक्षागृह असते.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लोकांपुढे आला आणि त्याच्या यशानंतर फाळके यांनी बिऱ्हाड नाशकास हलवले. येथून पुढची हकिकत आपल्या मुलखाची आहे. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी गावात चित्ताकर्षक नाटक कंपनी आलेली होती. तिचे चालक रघुनाथराव गोखले यांच्याशी फाळके यांचा स्नेह होता आणि त्या ओळखीतून कंपनीतील दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करण्याचे मान्य केले. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी झाली; भारतीय पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीने केली ती प्रथम नाशकात. ३,२४५ फूट लांबीचा हा चित्रपट जानेवारी १९१४ मध्ये मुंबईला ऑलिम्पियात लागला. यातली मौज अशी की इतक्या मिनतवारीने जी पहिली खरी तरुणी कॅमेऱ्यापुढे आणली तिच्या वाट्याला आली ती मोहिनी, म्हणजे स्त्रीचे सोंग घेतलेले पुरुष दैवत. कमलाबाई पुढे रघुनाथरावांच्या पत्नी झाल्या, नाटक व चित्रपट या दोन्हींत दीर्घकाळ राहिल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. नव्वदीच्या वयात रीना मोहन यांच्या माहितीपटात त्यांनी आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. तुझ्या निबंधातील नायिकेशी वरवरचे साम्य पाहायचे तर ते कमलाबाईंचेच अधिक आहे, आणि कोणी तोच मार्ग सुचवला तर त्यात गैर काही नाही. परंतु कमलाबाई रंगभूमीच्या होत्या. पडद्यावर त्या वेळी त्या पाहुण्या म्हणून आल्या आणि नाटक कंपनीचा मुक्काम हलताच परतल्या. ज्याची सगळी घडण पडद्यासाठी आणि पडद्यावरच झाली असा माणूस शोधू गेले की पुन्हा साळुंके यांच्याच दाराशी यावे लागते.

स्त्रिया मिळाल्या, तरीही चार वर्षांनी सीता साळुंकेच होते. यामागे सोवळेपणा नसून खर्च आणि खात्री ही कारणे होती. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेथे काम देऊ करणारेही भेटले, परंतु ते परत आले आणि तोच महायुद्ध पेटले. भांडवल आटले, कच्ची फिल्म महागली आणि कारखाना कसाबसा तग धरून राहिला. अशा दिवसांत बाहेरच्या नटीच्या मर्जीवर चित्रपट उभारणे परवडणारे नव्हते, आणि घरचा नट मात्र पगारावर होता, रुळलेला होता व कॅमेऱ्याचा हात फिरू लागला की कोठे थांबायचे हे त्याला ठाऊक होते. ‘लंकादहन’मध्ये त्याला रामही केले गेले. एकाच नटाने दोन पात्रे उभी करण्याला दुहेरी भूमिका म्हणतात, आणि भारतीय चित्रपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेऊन एक माणूस दोन ठिकाणी दाखवण्याची युक्ती फाळके यांना अवगत होती. तथापि रामकथेने तिची गरजच कमी केली, कारण सीताहरणानंतर राम एकीकडे आणि सीता अशोकवनात, असा कथेचा मोठा भाग दोघांच्या ताटातुटीतच जातो. गणपत शिंदे मारुती होते. दोन विरहव्याकूळ पात्रांमध्ये निरोपाची ने-आण करणारा मारुती दोन्हीकडे एकाच नटाला भेटत होता, हे प्रेक्षकांना ठाऊक असूनही त्यांनी त्यावर आक्षेप घेतला नाही.

या वेळेपर्यंत साळुंके यांचा बांधा पहिल्यासारखा राहिलेला नव्हता. सीतेच्या चोळीखाली दंडाचे स्नायू दिसत, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदले आहे, आणि ही नोंदही पगाराच्या गोष्टीप्रमाणे विनोद म्हणून फिरते. तिचा दुसरा अर्थ असा की लोक सीतेचे अंग पाहायला आलेच नव्हते. १९ सप्टेंबर १९१७ रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात चित्रपट लागला, मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ होत राहिले आणि मद्रासेस तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात नेल्याचे सांगतात. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतले जोडे काढीत, काही लोटांगण घालीत. रामलीलेत किंवा गावच्या सोंगांत राम झालेल्या मुलाच्या पाया पडणाऱ्या समाजाला, मिशा काढलेला ओळखीचा माणूसच देव होतो हे नव्याने शिकावे लागत नाही. भूमिका आणि माणूस यांतली फट आपल्याकडे भक्तीने बुजवली जाते. युरोपीय ‘तारा’ या कल्पनेचा, म्हणजे चित्रपटापेक्षा नटाचे नाव मोठे होण्याचा, येथे लवकर उगम न होण्याचे हेही एक कारण धरता येईल. नमस्कार रामाला पोहोचला. साळुंके यांना पोहोचला तो महिन्याचा पगार.

याच ठिकाणी तुझ्या मसुद्यातील १९२१ चे ‘हॅम्लेट’ आणि हे ‘लंकादहन’ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. नील्सेन यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे काढलेल्या त्या चित्रपटात हॅम्लेट ही मुळात मुलगी आहे आणि गादीला वारस हवा म्हणून तिला राजपुत्र म्हणून वाढवले आहे, अशी कल्पना घेतली आहे. ती एडवर्ड व्हायनिंग या अमेरिकी लेखकाच्या १८८१ मधील पुस्तकातून आली होती. स्त्रीने पुरुष होण्याला तेथे कथेतच कारण द्यावे लागले, सगळा चित्रपटच त्या कारणाभोवती बेतावा लागला, आणि तो निर्णय नटीचा स्वतःचा होता. नाशकात पुरुषाने स्त्री होणे आणि लगेच पुन्हा पुरुष होणे, यांपैकी कशालाच कारण द्यावे लागले नाही आणि निर्णयही नटाचा नव्हता. नील्सेन यांचे काम धाडसाचे ठरले ते या फरकामुळे. साळुंके यांचे काम दिनक्रमातले ठरले, आणि दिनक्रमातल्या कामाचे कौतुक लिहून ठेवण्याची आपली सवय मुळातच कमी. तुलना करताना एकीला धीट आणि दुसऱ्याला अजाण ठरवण्याचा मोह मसुद्याच्या तिसऱ्या भागात डोकावतो, तो टाळावा. मालकी कोणाकडे होती हा प्रश्न विचारला की बाकीचे बरेच आपोआप उलगडते.

१ जानेवारी १९१८ रोजी नाशकात हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे हे तिचे व्यवस्थापक भागीदार होते आणि मुंबईचे भांडवलदार तिच्यात आले होते. घरगुती कारखान्याची रीतसर कंपनी झाली. ऑगस्ट १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि मे १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ हे चित्रपट आले. ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळके यांची मुलगी मंदाकिनी, म्हणजे घरचे माणूस आणि उलट लिंगाची भूमिका ही जोडी येथेही कायमच राहिली. भागीदारांशी न पटल्याने फाळके काही काळ कंपनी सोडून काशीला गेले व पुढे परत आले. साळुंके याच काळात कॅमेऱ्यामागे गेले. ‘सत्यनारायण’ (१९२२) आणि ‘बुद्धदेव’ (१९२३) या चित्रपटांचे छायाचित्रण त्यांच्या नावावर आहे.

नट म्हणून वय झाले, अंग भरले, तेव्हा दुसरे काम दिले, असा या बदलाचा अर्थ लावला जातो. तो अपुरा आहे. छायाचित्रण म्हणजे त्या काळी केवळ हँडल फिरवणे नव्हते. सूर्य ढगाआड गेला की हात थांबवणे, फिल्म किती फूट उरली याचा अंदाज राखणे, चमत्काराच्या दृश्यात फिल्म मागे फिरवून त्याच जागेपासून पुन्हा चित्र घेणे, हे सगळे त्यात येई; आणि या शेवटच्या युक्तीत पात्राने कोठे स्तब्ध राहावे हे ज्याला अंगाने ठाऊक आहे त्याचा हात अधिक विश्वासाचा ठरतो. ज्याने चार वर्षे भिंगापुढे उभे राहून त्याची नजर ओळखली, त्याने भिंगामागे जाणे ही घसरण कशी म्हणावी? खाणावळीत वाढप्याचा आचारी होतो तेव्हा कोणी त्याला उतरती कळा म्हणत नाही. स्वतःच्या देखणेपणावर पोट नसलेल्या नटालाच हे शक्य होते. नील्सेन यांना ते शक्य नव्हते. त्यांचा चेहरा हाच त्यांचा व्यवसाय होता. १९२५ मध्ये पाब्स्ट यांच्या ‘आनंदहीन गल्ली’ या चित्रपटात त्यांच्याबरोबर तरुण ग्रेटा गार्बो होती, आणि तेथून पुढे युग कोणाचे आहे हे स्पष्ट झाले. १९३२ मध्ये एकच बोलपट करून नील्सेन पडद्यावरून निवृत्त झाल्या, पुढे डेन्मार्कला परतल्या आणि १९७२ साली नव्वद वर्षांच्या होऊन वारल्या.

बोलपट इकडे १९३१ मध्ये आला. मार्चमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि साळुंके यांचे नावही चित्रपटांतून त्याच सालानंतर दिसेनासे होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेली तीच हरिश्चंद्राची कथा, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. मुंबईच्या इंग्रजी शाळेत व सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, प्रतिष्ठित घरातली स्त्री त्या भूमिकेत उभी राहिली आणि एकोणीस वर्षांपूर्वी ज्या जागेसाठी मुंबईत एकही बाई मिळाली नव्हती ती जागा मानाची ठरली. दुर्गाबाईंना पुढे, १९८३ साठीचा, दादासाहेब फाळके यांच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. त्या उंबरठ्यापर्यंतची वाट कोणी तुडवली याचा विचार करताना साळुंके यांना केवळ ‘स्त्री न मिळाल्याने घेतलेला पुरुष’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. तारामती पडद्यावर आदराने पाहता येते ही सवय प्रेक्षकांना त्यांच्यामुळे लागली, आणि सवय लागल्यावरच खऱ्या स्त्रीला तेथे येणे परवडले. उलट दिशेचा प्रवासही त्याच दशकात घडला. स्त्रीभूमिकांचा अनभिषिक्त राजा असलेले बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये आले ते संत एकनाथ म्हणून, पुरुषवेषात. जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढे रंगभूमीच्या सर्वश्रेष्ठ स्त्रीपार्ट्याला त्या चित्रपटात जे मिळाले नाही ते खाणावळीतल्या पोराला वीस वर्षांपूर्वी मिळाले होते.

निबंधात साळुंके यांना जागा द्यायची ठरल्यास एका बाबतीत सावध राहावे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची अशी दोनच रिळे शिल्लक आहेत, आणि ती १९१३ ची नसून फाळके यांनी १९१७ च्या सुमारास तोच चित्रपट पुन्हा काढला त्यातील आहेत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. दोन्ही वेळा दाबके व साळुंके हीच जोडी असल्याने चेहऱ्यांवरून निकाल लावता येत नाही. हौदातील दृश्यावर वर जे लिहिले आहे ते याच रिळांवर आधारलेले आहे, म्हणून तारामतीचा आवरलेपणा हा पहिल्या प्रयत्नातला की चार वर्षे मुरलेल्या नटाचा, हा प्रश्न खुला ठेवूनच ते वापरावे. नील्सेन यांच्या १९१० च्या कामाशी थेट तुलना करायची झाल्यास विशेषच. दंडाच्या स्नायूंची गोष्ट येथे उपयोगी पडू शकेल. ती जर १९१७ ची असेल, तर हौदातल्या तारामतीचे ओले दंड रिळावर थांबवून नीट पाहावेत आणि ‘लंकादहन’च्या शिल्लक तुकड्यांतील सीतेशी ताडून पाहावेत. बोटे व मान यांवरून काळ ठरवणे धोक्याचे, दंडावरून कदाचित ठरू शकेल. निदान असा प्रयत्न करण्यास हरकत नाही.

मसुदा टपालाने परत पाठवला आहे, समासातील खुणा पेन्सिलीच्या आहेत. घरी वडीलधाऱ्यांस सा. न., लहानांस आशीर्वाद. कळावे,

तुझा
मामा